भिंतीचं भाडं आणि चित्राची जोखीम



ज्या चित्रकला शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी आज या सभागृहात मोठ्या संख्येनं बसले आहेत. सरांनी तुम्हाला रेषा शिकवली, जलरंगाचा ओघ सांभाळायला शिकवलं. चित्र पूर्ण झाल्यावर त्याचं पुढे काय करायचं, हे मात्र आपल्याकडच्या कलाशाळांमध्ये फारसं कोणी शिकवत नाही. ते कुठे टांगायचं, कोणाच्या खर्चानं, आणि विकलं गेलं नाही तर नुकसान कोणी सोसायचं? आज मी त्याबद्दल बोलणार आहे. पुण्यात मी आधी भाड्यानं द्यायचं कलादालन चालवत होते. आता मोजक्या चित्रकारांचं काम घेऊन व्यावसायिक गॅलरी चालवते. दोन्ही व्यवहार आतून पाहिले आहेत, आणि दोन्हींबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे.

भाड्याच्या दालनाचा व्यवहार सरळ असतो. चित्रकार अर्ज करतो, सोबत चित्रांचे फोटो आणि स्वतःची माहिती जोडतो. निवड समिती ते पाहते. तारीख मिळाली, अनामत आणि भाडं भरलं, की तो आठवडा त्याचा. फ्रेम, टेंपो, निमंत्रणपत्रिका, कॅटलॉग, उद्घाटनाचे पाहुणे, त्यांचा चहा, सगळं त्याच्या अंगावर. विक्री झाली तर पैसे त्याचे. काही ठिकाणी दालन त्यातला थोडा हिस्सा घेतं. व्यावसायिक गॅलरीत चित्रकार भाडं देत नाही. गॅलरी त्याला निवडते, प्रदर्शनाचा खर्च करते, गिऱ्हाईक शोधते, आणि चित्र विकलं गेलं तर किमतीतला वाटा घेते. हा वाटा कुठे एक तृतीयांश असतो, कुठे निम्मा.

यातून जो फरक पडतो तो पैशापुरता राहत नाही. भाड्याच्या दालनाचं गिऱ्हाईक चित्रकार असतो. व्यावसायिक गॅलरीचं गिऱ्हाईक चित्र घेणारा असतो. पहिल्या ठिकाणी प्रदर्शन लागायच्या आधीच दालनाचा व्यवहार पुरा झालेला असतो; आठवड्यात एकही चित्र गेलं नाही तरी दालनाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या ठिकाणी चित्र गेलं नाही तर गॅलरीवाल्याच्या घरात त्याची झळ लागते. जोखीम कोणाची, हे एकदा कळलं की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. भिंतीवर किती चित्रं लागतात, कोण आत येतं, कोणाला नाही म्हटलं जातं, आणि पन्नास वर्षांनी त्या प्रदर्शनाची काय नोंद उरते, हे सगळं तिथूनच ठरतं.

ही दोन्ही रूपं एका छपराखाली नांदलेली एक इमारत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उभी राहिली. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी आग्रह धरला आणि सर कावसजी जहांगीर यांनी इमारतीचा खर्च दिला. त्याआधी मुंबईत चित्र दाखवायचं म्हणजे प्रामुख्यानं संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांत पाठवायचं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासूनची. तिथे परीक्षक असत, बक्षिसं असत, आणि शेकडो चित्रांच्या गर्दीत तुमचं एखादं चित्र असे. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्या प्रोग्रेसिव्ह गटालाही १९४९ साली रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच दालनाचा आधार घ्यावा लागला. एका चित्रकाराला आपलं सगळं काम एकत्र, आपल्या मनाप्रमाणे मांडता यावं, यासाठी शहराच्या मध्यावर एक चांगली, उजेडाची, माफक भाड्याची जागा मिळणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती.

मग १९६३ साली त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर केकू आणि खोर्शेद गांधी यांनी गॅलरी शेमोल्ड सुरू केली. केकू गांधींचा मूळ धंदा फ्रेमचा. १९४० च्या दशकात त्यांच्या कारखान्यात फ्रेमच्या पट्ट्या बनत आणि दुकानात तरुण चित्रकारांची चित्रं लावलेली असत. त्याच १९६३ मध्ये फ्लोरा फाउंटनजवळ काली पंडोल यांनी पंडोल आर्ट गॅलरी सुरू केली, तीही फ्रेमच्या व्यवसायातूनच. मला हा योगायोग वाटत नाही. फ्रेमवाल्याकडे चित्र सगळ्यांत आधी येतं, रंग पुरता वाळायच्या आत. कोणता चित्रकार फ्रेमचे पैसे हप्त्यानं देतो हे त्याला ठाऊक असतं, आणि कोणत्या घरातली बाई जुनं चित्र नव्या फ्रेममध्ये घालून घेते हेही. चित्रकार आणि खरेदीदार यांची गाठ ज्याच्या काउंटरवर रोज पडते, त्याला एक दिवस वाटणारच की ही गाठ आपणच घालून द्यावी.

१९६३ ते २००७, म्हणजे शेमोल्ड प्रिस्कॉट रोडवर जाईपर्यंत, खाली भाड्याची दालनं आणि वर व्यावसायिक गॅलरी असा हा शेजार चालला. खालचा चित्रकार वर जाऊन बघायचा, वरचा खाली उतरायचा, आणि दोघंही समोवारमध्ये चहाला बसायचे. उषा खन्ना यांनी १९६४ साली सुरू केलेलं ते कॅफे २०१५ साली बंद झालं. त्या लांबोळक्या व्हरांड्यात ज्या चर्चा झाल्या त्यांचं श्रेय दोन्ही मजल्यांना द्यायला हवं.

आता खालच्या मजल्याबद्दल. भाड्याच्या दालनाला हिणवण्याची एक फॅशन आपल्याकडे आली आहे. मंगल कार्यालयासारखं आहे, पैसे भरा आणि हॉल घ्या, असं म्हणतात. मला हे बोलणं दुखावून जातं, कारण महाराष्ट्रातल्या बहुसंख्य चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन अशाच जागेत झालेलं आहे. पुण्यात बालगंधर्वचं कलादालन, मुंबईत जहांगीर आणि नेहरू सेंटर, इथे कोल्हापुरात दसरा चौकातलं शाहू स्मारक. या जागा नसत्या तर कोल्हापूरच्या चित्रकाराला मुंबईच्या किंवा पुण्याच्या एखाद्या गॅलरीवाल्याची नजर आपल्याकडे वळेपर्यंत वाट पाहत बसावं लागलं असतं. ती नजर कोणाकडे वळते? जो त्या वर्तुळात आधीच असतो त्याच्याकडे. व्यावसायिक गॅलरी वर्षाला सहा-आठ प्रदर्शनं करते, कारण एकेक प्रदर्शन महिना-दीड महिना चालतं. भाड्याच्या एका दालनात वर्षाला चाळीस-पन्नास चित्रकार येऊन जातात. निवृत्त शिक्षक, बँकेतली नोकरी सांभाळून रात्री रंगवणारा माणूस, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा ब्रश हातात घेतलेली बाई, नुकताच जी. डी. आर्ट झालेला पोरगा. यांच्यातले सगळेच मोठे चित्रकार होणार नाहीत. पण कोण होणार हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांची. जहांगीरमध्ये सकाळी अकरा ते संध्याकाळी सात कोणीही आत जाऊ शकतं, तिकीट नाही. शेजारच्या संग्रहालयातून बाहेर पडलेली शाळेची सहल, कोर्टातून परत निघालेला पक्षकार, नोकरीच्या मुलाखतीसाठी शहरात आलेला मुलगा, सगळे आत डोकावतात. व्यावसायिक गॅलऱ्या जुन्या इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवर असतात. तिथेही प्रवेश मोफतच असतो, पण जिना चढायचा, बेल दाबायची, आत शांत बसलेल्या माणसाच्या नजरेखालून चालायचं. याचं दडपण किती मोठं असतं हे मी माझ्या दारात पाहिलेलं आहे. माझी गॅलरी भाड्याची होती तेव्हा रविवारी कुटुंबंच्या कुटुंबं यायची. व्यावसायिक केली आणि दार तेच, पाटी तीच राहूनही येणारी माणसं बदलली. मी मुद्दाम दार उघडं ठेवते, बाहेर ‘आत या’ असं मराठीत लिहून ठेवते. तरी पूर्वीसारखी माणसं येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आणि तिसरी गोष्ट स्वातंत्र्याची. भाडं भरलं की भिंत तुमची, तिच्यावर विकाऊ काही असलंच पाहिजे असं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हुसेन यांनी जहांगीरमध्ये ‘श्वेतांबरी’ नावाचा प्रयोग केला. पांढऱ्या कापडानं झाकलेल्या भिंती आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे तुकडे. घेऊन जाण्यासारखं काही नव्हतंच. या बाबतीत जपानचा अनुभव आणखी बोलका आहे. टोकियोत, विशेषतः गिंझा भागात, आठवड्याच्या भाड्यानं मिळणारी छोटी दालनं युद्धानंतर मोठ्या संख्येनं होती. १९६३ साली शिंबाशीत एका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या जागेत नाइका गॅलरी निघाली आणि तरुण प्रयोगशील कलावंतांचा तो अड्डा झाला. त्या दशकाच्या अखेरीस ली उफान आणि त्यांच्यासोबतचे कलावंत दगड, माती, लोखंडी पत्रे, कापूस अशा गोष्टी जशाच्या तशा मांडू लागले. आज जगभरची संग्रहालयं त्या ‘मोनो-हा’ चळवळीची कामं मोलानं जपतात. तेव्हा त्या दगडाला गिऱ्हाईक कुठून येणार? भाड्याच्या खोल्यांनी त्या कलावंतांना उभं राहायला जागा दिली. अर्थात भाडं त्यांनीच भरलं, नोकऱ्या करून. जपानमध्ये या पद्धतीवर टीकाही पुष्कळ होते, आणि ती खरीच आहे : कलावंतानं काम करायचं, आणि ते दाखवण्यासाठी पुन्हा त्यानंच पैसे मोजायचे.

आपल्याकडे हे पैसे किती असतात ते पाहू. समजा, भाडं, फ्रेम, ये-जा, कॅटलॉग आणि मुंबईतलं आठवड्याचं राहणं धरून एका चित्रकाराचे दोन लाख रुपये खर्च झाले. त्याच्या चित्राची किंमत चाळीस हजार आहे. म्हणजे पाच चित्रं गेली तर तो जिथे होता तिथे परत आला. कॅनव्हास, रंग आणि दोन वर्षांची मेहनत यांचा हिशोब अजून सुरूच झालेला नाही. गाव सोडून आलेल्या चित्रकारासाठी तो आठवडा फार लांब असतो. तो दाराकडे तोंड करून खुर्चीत बसतो. अभिप्रायाच्या वहीत ‘अप्रतिम’, ‘खूप सुंदर’ असं लिहून लोक जातात. चित्राखाली विकल्याची लाल टिकली लागत नाही. पाचव्या दिवशी तो किंमत कमी करायला तयार होतो, आणि सातव्या दिवशी गावातले स्नेही दोन चित्रं घेतात, त्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही म्हणून.

असं का होतं? कारण भाड्याच्या दालनात चित्र घेणाऱ्याला आणण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. जहांगीरच्या पहिल्या काळात हे काम काही डोळस माणसांनी आणि संस्थांनी आपणहून केलं. होमी भाभा टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी चित्रं घेत होते. एअर इंडियानं १९५६ पासून चित्रं घ्यायला सुरुवात केली, आणि सुरुवातीच्या खरेदीत बी. प्रभा यांची चित्रं होती. नागपूरजवळच्या बेला गावातून आलेली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली मुलगी. तिच्या पहिल्याच प्रदर्शनात भाभांनीही तिची चित्रं घेतली होती. कारखाने, बँका, विमान कंपनी आपापल्या भिंतींसाठी चित्रं घेत होत्या आणि ती घेणारी माणसं स्वतः दालनात चालत येत होती. तो काळ सरला. आज आमच्या शहरांत नव्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्यांच्या स्वागतकक्षात यंत्रावर छापलेली चित्रं लागतात. पाच मैलांवरच्या कलादालनात त्याच आठवड्यात हातानं रंगवलेली चित्रं त्यांच्या बजेटमध्ये बसतील अशा किमतीत लागलेली असतात. ही गोष्ट मला रुचत नाही, आणि इथे बसलेल्या उद्योजकांनी ती मनावर घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता पहिल्या मजल्यावर, व्यावसायिक गॅलरीत जाऊ.

जिव्या सोमा म्हसे हे नाव तुम्हाला माहीत आहे. डहाणूकडच्या वारली पाड्यावरचा शेतकरी. लग्नविधीत भिंतीवर काढल्या जाणाऱ्या चौकाबाहेर, रोजच्या मनानं, कागदावर आणि कापडावर तांदळाच्या पिठाच्या रेषा काढणारा पहिला माणूस. चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली भागात काम करत असताना त्यांनी त्याला हेरलं, आणि १९७० च्या दशकात गांधी दांपत्यानं त्याची चित्रं शेमोल्डमध्ये लावली. पुढे त्याची चित्रं परदेशांत गेली, २०११ साली त्याला पद्मश्री मिळाली. जिव्याला भाड्याच्या दालनाचा अर्ज भरता आला असता का? अनामत, फ्रेमवाल्याचं बिल, इंग्रजी कॅटलॉग? त्याच्यासाठी कोणीतरी आधी पैसे घालायला हवे होते, चित्राकडे पाहून, परताव्याची खात्री नसताना. जोखीम घेणं म्हणजे हे. व्यावसायिक गॅलरीचं समर्थन करताना मी नेहमी हेच उदाहरण देते.

दुसरं उदाहरण नलिनी मालानी यांचं. १९९२ साली त्यांनी शेमोल्डच्या भिंतींवरच थेट चित्रं काढली. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं नष्ट होत होती त्याचं दुःख त्यात होतं. पंधरवडा संपला आणि चित्रांवर चुना फिरवला गेला. विकायला काहीच उरलं नाही, उरणार नाही हे आधीपासून माहीत होतं. एका व्यावसायिक गॅलरीनं आपल्या भिंती अशा कामाला दिल्या. साधारण त्याच सुमारास खालच्या मजल्यावर हुसेन यांचं पांढरं कापड लागलं होतं. पण फरक लक्षात घ्या. हुसेन तेव्हा अशा जागी पोचले होते की ते स्वतःच्या जोरावर एक दालन घेऊन रिकामं ठेवू शकत होते. वरच्या मजल्यावर ते नुकसान गॅलरीनं चित्रकारासोबत वाटून घेतलं.

रोजच्या कामात हा फरक कसा दिसतो, ते चित्रं टांगतानाच्या वेळी पाहायला मिळतं. भाड्याच्या दालनात आदल्या संध्याकाळी सात वाजता जुनी चित्रं उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवी लागलेली हवी असतात. मधल्या रात्री शिडी, हूक, नायलॉनची दोरी, पाणसळ, कात्री, खोक्यांचा ढीग. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण साठ इंचांवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला ते बरोबर भेटतं. चित्रकारानं बावीस चित्रं मावतील अशा भिंतींसाठी चाळीस आणलेली असतात. का आणू नयेत? भिंतीच्या प्रत्येक फुटाचं भाडं त्यानं मोजलेलं आहे, मोकळी जागा त्याला पैसे वाया गेल्यासारखी वाटते. मग चित्रं खांद्याला खांदा लावून लागतात, छोटी एकावर एक चढतात, आणि चांगली नऊ-दहा चित्रं बाकीच्यांत हरवून जातात. मी शिडीखाली उभी राहून हे पाहत असे. ही आठ काढा, या भिंतीवर फक्त ते एक ठेवा, असं सांगावंसं वाटे. कधी सांगतही असे. पण ज्याच्याकडून मी भाडं घेतलं आहे त्यानं ऐकलंच पाहिजे असं मी म्हणू शकत नाही. आगाऊ घेतलेला पैसा दालनवाल्याचं तोंड बंद करतो. आज माझ्या गॅलरीत चौदा चित्रं लागतात, एक अख्खी भिंत एका चित्राला मिळते, आणि वाद झाला तर चित्रकाराशी मी तासन्‌तास भांडू शकते. तो मला तो अधिकार देतो, कारण चित्रं गेली नाहीत तर मीही त्याच्यासोबत बुडते.

या अधिकाराची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. चित्र घेणारा माणूस गिऱ्हाईक झाला की त्याची आवड हळूहळू स्टुडिओत शिरते. ‘ती निळी मालिका चांगली गेली, आणखी चार असतील का?’ असा फोन माझ्या हातून कधीही जाऊ शकतो, महिनाअखेरीला पगार द्यायचे असले की तो मोह फार मोठा असतो. चित्रकार मित्राचं काम थांबलं आहे, दोन वर्षं नवीन काही सुचलेलं नाही, तरी त्याला महिन्याला काही रक्कम देत राहायची आणि मालिका पूर्ण करायची घाई करायची नाही, ही गॅलरीची खरी कसोटी. वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करत. गोव्याच्या कुटुंबातला, गिरगावच्या चाळीत वाढलेला हा माणूस कोणाच्या सांगण्यानं एक रेघ हलवणारा नव्हता. पंडोलसारख्या गॅलरीनं त्यांचं काम दाखवलं, ते जेव्हा तयार होईल तेव्हा. कॅनव्हाससमोर महिनोन्‌महिने बसून राहण्याची मुभा अशा नात्यातूनच मिळते. आठवड्याच्या भाड्याचं वेळापत्रक तारखेवर चालतं. जहांगीरसारख्या ठिकाणी तारीख मिळायला काही वर्षं लागतात, आणि ती आली की चित्रं तयार असोत वा नसोत, भिंत भरावी लागते.

गायतोंडे २००१ साली गेले. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईतल्या क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र २९ कोटींच्या वर गेलं. असे आकडे वाचून तरुण मुलं मला विचारतात, यातलं चित्रकाराला काय मिळतं? आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३ए हे कलम आहे. मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं आणि किंमत १०,००० रुपयांपेक्षा जास्त आली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत हिस्सा मागता येतो. तो जास्तीत जास्त १० टक्के असू शकतो. प्रत्यक्षात हे कलम क्वचितच वापरलं जातं. शिवाय चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असं होत नाही. घेणाऱ्याला ते कॅलेंडरवर छापायचं असेल तर पुन्हा परवानगी लागते. इथल्या सगळ्या तरुण चित्रकारांनी ही दोन वाक्यं पाठ करून ठेवावीत, कारण गॅलरी कुठलीही असो, करारावर सही तुम्ही करणार आहात.

करारावरून एका तिसऱ्याच प्रकाराकडे वळते. त्याबद्दल बोलताना मला राग आवरत नाही. सांगली जिल्ह्यातला एक तरुण माझ्याकडे एक पत्र घेऊन आला. एका गॅलरीनं त्याची ‘निवड’ केली होती. मोठ्या शहरातलं समूह प्रदर्शन, त्याची दोन चित्रं, सोबत प्रशस्तिपत्र. त्यासाठी ‘सहभाग शुल्क’ भरायचं, वाहतूक त्यानं करायची, आणि चित्र विकलं गेलं तर चाळीस टक्के गॅलरीचे. वडिलांनी दुधाच्या पैशांतून ती रक्कम बाजूला काढलेली होती. मी त्याला विचारलं, तुझ्यासोबत किती जण आहेत? साठ. म्हणजे साठ जणांच्या शुल्कातून त्या दालनाचा खर्च आणि नफा आधीच सुटलेला. मग ते विकण्यासाठी धडपडतील कशाला? भाडं घ्यायचं भाड्याच्या दालनासारखं, वाटा घ्यायचा व्यावसायिक गॅलरीसारखा, आणि जोखीम एकाही पैशाची नाही. परदेशातूनही अशा निवडीच्या मेल येतात, युरोपातल्या शहरांची नावं घालून. ज्या दालनानं तुमच्याकडून आगाऊ पैसे घेतले आहेत त्यानं विक्रीत मोठा वाटा मागणं हा अन्याय आहे, आणि त्याला प्रशस्तिपत्राचं वेष्टण घातलं की तो अधिकच वाईट होतो. त्या मुलानं ते पैसे भरले नाहीत. त्याच रकमेत त्यानं आपल्या तालुक्याच्या गावी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन केलं, मी उद्घाटनाला गेले होते.

शेवटचा विषय नोंदीचा. भाड्याच्या दालनांचं सगळ्यांत मोठं नुकसान मला इथे दिसतं. व्यावसायिक गॅलरीला प्रत्येक चित्राचा माग ठेवावा लागतो : कधी आलं, कोणी घेतलं, मागच्या बाजूला काय लिहिलं होतं, फोटो कुठे आहे. त्यात तिचा स्वार्थ आहे, पुढे खऱ्या-खोट्याचा वाद निघाला तर हीच कागदपत्रं उपयोगी पडतात. भाड्याच्या दालनात आठवडा संपला की सगळं टेंपोत जातं. महाराष्ट्रातल्या शेकडो चित्रकारांच्या आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं प्रदर्शन अशा जागी झालं आणि त्याची आज एक ओळही कुठे मिळत नाही. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी दृश्यकलेचा चरित्रकोश संपादित केला, तेव्हा कोणाची माहिती कुठून मिळवावी लागली असेल याची कल्पना करून पाहा. कुटुंबाच्या ट्रंकेत, जुन्या निमंत्रणपत्रिकांत, वृत्तपत्रांच्या पिवळ्या पडलेल्या कात्रणांत.

हे थांबवायला फार पैसे लागत नाहीत. कलादालन महापालिकेचं असो, ट्रस्टचं असो, अर्जाच्या नियमावलीत इतकंच घालावं की प्रत्येक प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका, कॅटलॉग आणि लागलेल्या प्रत्येक चित्राचा एक स्पष्ट फोटो, मागे नाव, माप, माध्यम, साल लिहून, दालनाकडे जमा झाल्याशिवाय अनामत परत मिळणार नाही. हल्ली हे एका पेनड्राइव्हवर मावतं. सोबत वर्षातले चार आठवडे भाड्याशिवाय ठेवावेत, जिल्ह्याच्या गावांतून येणाऱ्यांसाठी, आणि त्यांची निवड करणाऱ्या समितीतले सदस्य दर दोन वर्षांनी बदलावेत. सुरुवात म्हणून माझ्या भाड्याच्या दालनात झालेल्या प्रदर्शनांची जी कागदपत्रं माझ्याकडे उरली आहेत ती मी खोक्यांत भरून ठेवली आहेत. कोल्हापूरच्या कुठल्याही संस्थेनं कपाट आणि ते पाहणारा एक माणूस दिला, तर इथल्या चित्रकारांची खोकी मी पुढच्याच महिन्यात पाठवते.